व्हिडिओ खेळ आणि चित्रकथा : ‘सॉनिक’चे माध्यमांतर

माध्यमांतराचा विचार करताना मूळ कृती रूपांतरापेक्षा समृद्ध असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. कादंबरीचे नाटक अथवा चित्रपट होताना काय गळाले, याचा शोध समीक्षक घेतो. व्हिडिओ खेळांवरून चित्रकथा निर्माण होऊ लागल्या तेव्हा हा क्रम उलटला. येथे मूळ कृतीच कथादृष्ट्या तोकडी होती. रूपांतरकारापुढे काय गाळावे हा प्रश्न नव्हता, काय भरावे हा होता. या भरणीचे स्वरूप आणि तिची अखेर ‘सॉनिक द हेजहॉग’ या उदाहरणात विशेष स्पष्टपणे दिसते.

सेगा या जपानी कंपनीचा हा खेळ १९९१ साली प्रसिद्ध झाला. अतिवेगाने धावणारा निळा काटेरी प्राणी आणि मुक्या जिवांना यंत्रांत कोंडणारा एक शास्त्रज्ञ, एवढेच त्याचे कथाबीज होते. खेळात संवाद नव्हते. कथेचा जो अल्प अंश होता तो सोबतच्या माहितीपुस्तिकेत होता. त्यातही एकवाक्यता नव्हती. जपानमध्ये ‘एगमन’ असलेला हा शास्त्रज्ञ पाश्चात्त्य देशांत ‘रोबोटनिक’ झाला आणि तो पूर्वी ‘किंटोबोर’ नावाचा सज्जन होता, असा पूर्वेतिहासही तेथे रचला गेला. म्हणजे चित्रकथाकारांच्या हाती आलेले मूळ मुळातच एक नव्हते.

ब्रिटनमध्ये फ्लीटवे या प्रकाशनसंस्थेने १९९३ साली ‘सॉनिक द कॉमिक’ हे नियतकालिक सुरू केले. किंटोबोरची कथा त्याने स्वीकारली. परंतु त्याचे खरे स्वातंत्र्य ‘सुपर सॉनिक’च्या चित्रणात दिसते. १९९२ च्या दुसऱ्या खेळात सात रत्ने मिळविणाऱ्या खेळाडूस नायकाचे हे सुवर्णवर्णी, जवळजवळ अजिंक्य रूप लाभते. ब्रिटिश चित्रकथेत तेच रूप अनावर, क्रूर आणि मित्रांनाही धोकादायक ठरते. अजिंक्यता हे खेळाडूचे पारितोषिक असू शकते. कथेत मात्र तिने संघर्षच संपुष्टात येतो. म्हणून लेखकांनी वराचा शाप केला.

अमेरिकेत आर्ची कॉमिक्सची मालिका १९९३ पासून नियमित निघू लागली. तिने खेळापेक्षा त्याच सुमाराच्या दूरचित्रवाणी मालिकेचा आधार अधिक घेतला. राजकन्या सॅली, तिचे सहकारी आणि परागंदा झालेल्या या बंडखोरांचा जुलमी राजवटीविरुद्धचा लढा यांतील काहीच मूळ खेळात नव्हते. आरंभीचा विनोदी सूर ओसरून मालिका क्रमाने गंभीर झाली. ‘नकल्स’ या पात्राची वाढ या दृष्टीने बोलकी आहे. १९९४ च्या खेळातील हा एकाकी रक्षक आपल्या वंशातील अखेरचा मानला जातो. केन पेंडर्स या लेखकाने त्याला पिता, पूर्वज, रक्षकांची परंपरा आणि एक संपूर्ण समाज दिला. १९९७ ते २००० या काळात त्याची ३२ अंकांची स्वतंत्र मालिकाही निघाली. खेळाडूस प्रतिस्पर्धी पुरतो; महिन्यामागून महिने अंकाची वाट पाहणाऱ्या वाचकास नातीगोती हवी असतात.

१९९८ च्या ‘सॉनिक ॲडव्हेंचर’पासून खेळ स्वतःच विस्ताराने कथा सांगू लागला आणि दोन्ही परंपरा समोरासमोर आल्या. आर्चीच्या मालिकेत १९९७ मध्येच रोबोटनिकचा अंत झाला होता. त्याची जागा समांतर विश्वातून आलेल्या प्रतिरूपाने घेतली आणि हेच प्रतिरूप पुढे ‘एगमन’ झाले. नामभेदाची जुनी विसंगती अशा रीतीने कथानकात जिरविण्यात आली.

स्वामित्वाची विसंगती मात्र अशी जिरणारी नव्हती. पेंडर्स यांनी आपण निर्मिलेल्या पात्रांवर हक्क सांगितला. २०१० मध्ये आर्चीने न्यायालयात धाव घेतली; २०१३ मध्ये तडजोड झाली आणि ती पात्रे लेखकाकडे राहिली. त्याच वर्षी ‘मेगा मॅन’ या दुसऱ्या खेळाच्या चित्रकथेशी झालेल्या संयुक्त कथानकानंतर आर्चीच्या सॉनिकचे विश्व नव्याने मांडण्यात आले. नकल्सचा पिता, त्याचा समाज, दोन दशकांचा इतिहास, सारे पुसले गेले. डिसेंबर २०१६ मधील २९० व्या अंकानंतर नवा अंक निघाला नाही आणि २०१७ मध्ये मालिकेच्या समाप्तीची घोषणा झाली. २०१८ मध्ये आयडीडब्ल्यू या संस्थेने सुरू केलेली मालिका खेळांच्या विश्वाला धरून चालते.

रामकथेत भर घालणाऱ्या कवीस कोणाची अनुमती लागली नाही आणि त्याची भर कोणी परत मागितली नाही. ती परंपरेत मुरली. औद्योगिक युगातील कथेचे तसे नाही. मुळापासून दूर जाण्याची गरज तिच्यात रूपबंधानेच निर्माण होते. त्या दूरत्वाचे आयुष्य मात्र करारपत्र ठरविते. वाचकाच्या दृष्टीने नकल्सचा पिता नकल्सइतकाच खरा होता. या माध्यमांतराचे मूल्यमापन केवळ मूलनिष्ठेच्या निकषावर केल्यास, जे पुसले गेले तेच त्यातील सर्वाधिक निर्मितिशील होते, ही गोष्ट दृष्टीआड होईल.