दादी कुठे गेली?

रत्नागिरीत पावसात दिवे गेले, की आमची दादी गोष्ट सांगायची. गोष्ट कुठे तुटली, की आम्ही मुलं लगेच विचारायचो, ‘मग राजाची आई कुठे गेली?’ भागाभागांनी येणाऱ्या विज्ञानपटांनाही प्रेक्षक हेच विचारतो.

राकेश रोशन यांचा ‘कोई... मिल गया’ २००३ साली आला आणि ‘क्रिश’ २००६ साली. मधे वर्षं तीन. पण रोहितचा मुलगा कृष्णा एकदम तरणाबांड! बापही हृतिक, लेकही हृतिक. कुणी हिशेब मागितला नाही. फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये १९१७ साली साळुंके राम झाले आणि सीताही झाले. पडद्याला अशी सूट आपण पहिल्यापासून देत आलो आहोत. ‘क्रिश २’ न येताच २०१३ साली ‘क्रिश ३’ आला, तेही चाललं.

पण रेखा यांनी साकारलेली सोनिया आठवा. नवरा अपघातात गेला, मुलगा गेल्याची बातमी आली, तरी तिने नातवाला एकटीने वाढवलं. ‘क्रिश’च्या शेवटी तोच मुलगा जिवंत परततो. ‘क्रिश ३’मध्ये बाप, लेक, सून एका घरात आहेत. दादी मात्र दिसत नाही.

परग्रहावरचा जादू आपण खरा मानला, तो या घरातल्या माणसांच्या भरवशावर. तेव्हा पुढचा भाग लिहिणाऱ्यांनो, दादीबद्दल एक वाक्य तरी सांगा. मग हवं तेवढं उडा.