वधूवस्त्र आणि घराण्याचा इतिहास

वधूवस्त्र हें केवळ शोभेचें वस्त्र नव्हे. त्याचा रंग परंपरा ठरविते, पोत काळ ठरवितो, आणि तें कोणाच्या हातचें आहे यावरून घराण्याचें मन ओळखतां येतें. अलाहाबादच्या नेहरू घराण्यांतील दोन साड्या याची साक्ष देतात.

नेहरू हे मूळचे काश्मिरी पंडित. त्या समाजांत वधूच्या साडीचा परंपरागत रंग गुलाबी. मोतीलालजींच्या घरीं रेशमाला व जरीला तोटा नव्हता. परंतु १९२० सालीं असहकारितेची चळवळ सुरू झाली आणि त्या घरानें परदेशी कापडाचा त्याग केला. पुढच्याच वर्षीं, १० मे १९२१ रोजीं, मोतीलालजींच्या कन्या विजयालक्ष्मी यांचा विवाह झाला. वर रणजित सीताराम पंडित हे महाराष्ट्रीय. कल्हणाच्या 'राजतरंगिणी'चें इंग्रजी भाषांतर पुढें १९३५ सालीं प्रसिद्ध करणारे विद्वान ते हेच. वधूनें खादीच नेसावी असा गांधीजींचा आग्रह होता. त्या वेळची खादी जाडीभरडी. ती वधूला शोभेल कशी, हा प्रश्न कोणत्याही मातेला पडावा असाच होता. तो कस्तुरबांनीं सोडविला. त्यांनीं स्वतः कातलेल्या सुताची साडी सिद्ध झाली आणि ती काश्मिरी वधूच्या गुलाबी रंगांत रंगविली गेली. कापड बदललें, रंग राहिला.

एकवीस वर्षांनीं, २६ मार्च १९४२ रोजीं, इंदिरेचा विवाह आनंदभवनांत झाला. वर फिरोझ गांधी पारशी असल्यामुळें देशांत बरीच टीका उसळली होती. माता कमला १९३६ सालींच निवर्तल्या होत्या. त्यांच्या स्मरणार्थ जवाहरलालजींच्या शेजारची बैठक रिकामी ठेवण्यांत आली. वधूची साडी फिकट गुलाबी खादीची, रुपेरी नक्षीची. तिचें सूत जवाहरलालजींनीं तुरुंगांत कातलेलें होतें. कन्येच्या सहवासाला मुकलेल्या पित्याचे दिवस त्या धाग्यांत गुंफलेले होते. कोणत्या सोनाराला असा अलंकार घडवितां आला असता?

हीच साडी पुढें १९६८ सालीं सून सोनिया यांनीं आणि १९९७ सालीं नात प्रियांका यांनीं आपापल्या विवाहांत नेसली.

पूर्वजांच्या पेटींतील वस्त्रें पाहून नवें वधूवस्त्र योजणारांनीं या कथेंतून एक गोष्ट घ्यावी. जुनी वेलबुट्टी उतरून घेणें सोपें आहे. तिच्यामागें कोणाचे हात राबले तें मुलीला सांगितलें, तरच त्या वस्त्राबरोबर घराणें तिच्या खांद्यावर येतें.