मेल प्रोग्रॅम मंदावला? आधी कारण शोधा

ब्राउझरमधून ई-मेल पाहण्याची सोय असली, तरी अनेक कार्यालयांत आणि घरांत संगणकावर स्वतंत्र मेल प्रोग्रॅम वापरला जातो. मोझिलाचा थंडरबर्ड हा त्यांपैकी एक. त्याची १.० ही आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. आजही तो विनामूल्य मिळतो. पत्रे उतरण्यास विलंब होऊ लागला की खाते काढून पुन्हा जोडण्याकडे अनेकांचा कल असतो. या घाईत वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार कायमचा नष्ट होऊ शकतो. म्हणून विलंब नेमका कोठे होतो, हे प्रथम निश्चित करावे.

पहिली पारख

तेच खाते ब्राउझरमध्ये उघडून पाहावे. तेथेही पत्रे संथपणे उघडत असतील, तर दोष इंटरनेट जोडणीचा किंवा मेलसेवेचा असण्याची शक्यता अधिक. तेथे वेग चांगला असेल, तर कारण संगणकावर किंवा प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये शोधावे.

जोडण्यांची संख्या

आयमॅप पद्धतीत पत्रे सर्व्हरवर राहतात आणि प्रोग्रॅम त्यांच्याशी सतत मेळ राखतो. त्यासाठी थंडरबर्ड एका खात्यामागे साधारणतः ५ जोडण्या उघड्या ठेवतो. जीमेल एका खात्याला एकाच वेळी १५ आयमॅप जोडण्यांची मुभा देते. मोबाइल, घरचा संगणक आणि कार्यालयातील संगणक एकत्र आले की ही मर्यादा गाठली जाते आणि जोडण्या नाकारल्या जातात. अशा वेळी अकाउंट सेटिंग्जमधील सर्व्हर सेटिंग्जच्या 'ॲडव्हान्स्ड' भागात ही संख्या २ किंवा १ करून पाहावी. जीमेलच्या 'ऑल मेल' फोल्डरमध्ये इतर फोल्डरांतील पत्रेही पुन्हा दिसतात. गरज नसल्यास त्याचे सबस्क्रिप्शन बंद करावे.

फुगलेल्या फाइली

थंडरबर्ड सामान्यतः एका फोल्डरातील सर्व पत्रे एकाच फाइलीत साठवतो. पत्र खोडले तरी ते केवळ दिसेनासे होते, फाइलीतील जागा मोकळी होत नाही. ती मोकळी करण्यासाठी फोल्डरवर 'कॉम्पॅक्ट' ही आज्ञा द्यावी. इनबॉक्समध्ये सारे साठवण्यापेक्षा वर्षवार फोल्डर करणे हितावह.

अँटिव्हायरस आणि ॲड-ऑन

नवे पत्र येताच अँटिव्हायरस ही अवजड फाइल पुन्हा तपासू लागला, तर प्रोग्रॅम अडखळतो. प्रोफाइल फोल्डर या तपासणीतून वगळून फरक पाहावा. मात्र जोडपत्रे उघडताना होणारी तपासणी चालू ठेवावी. 'हेल्प' मेनूतील 'ट्रबलशूट मोड' ॲड-ऑन बंद ठेवून प्रोग्रॅम सुरू करतो. त्यात वेग सुधारल्यास एकेक ॲड-ऑन तपासावे.

खाते काढण्यापूर्वी

पॉप पद्धतीत पत्रे संगणकावर उतरतात आणि सेटिंगनुसार सर्व्हरवरून काढूनही टाकली जातात. मग त्यांची एकमेव प्रत प्रोफाइल फोल्डरमध्येच असते. खात्यासोबत तिचा डेटाही काढला, तर सर्व्हरवरून काहीही परत मिळत नाही. त्यामुळे कोणताही मोठा बदल करण्यापूर्वी थंडरबर्ड पूर्णपणे बंद करून संपूर्ण प्रोफाइल फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा. म्हणजे कोणत्या उपायाने गुण आला, हे कळते.