कळशी घ्या, रांगेत उभे राहा

अजून उजाडायचंय. १९६० च्या सुमाराचं गोरेगाव. तुम्ही नळावर उभे आहात, हातात रिकामी कळशी. पुढे हंडे, बादल्या, तुपाचे रिकामे डबे. काही बायका नंबराला भांडं ठेवून स्टो पेटवायला घरी गेल्यात. रॉकेलचा तो उग्र वास नळापर्यंत येतो. पायाखाली शेवाळ, जपून. नळ आधी फुरफुरतो, नुसता वारा सोडतो, मग करंगळीएवढी धार धरतो. “अहो, कळशी मागं घ्या तुमची!” जुंपलं भांडण! चाळ जागी होते.

मृणाल गोरे या रांगेतल्या बायकांना नावानं ओळखतात. समाजवादी चळवळीसाठी डॉक्टरकीचं शिक्षण सोडलेली ही बाई, १९५८ मध्ये नवरा केशव गोरे गेल्यावरही तिनं काम थांबवलं नाही. १९६१ मध्ये ती महापालिकेत निवडून जाते आणि पाण्यासाठी भांडत राहते. आता कळशी भरायची नाही, मोर्चात वाजवायची. रिकाम्या भांड्यांचा तो खणखणाट कानात घुमतो. लोक तिला ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागतात. पदव्या पुष्कळांना मिळतात. ही नळावर मिळालेली मला सगळ्यांत मोठी वाटते.

कळशी ठेवा, लाटणं घ्या. १९७२ साल. साखर, तेल, रॉकेल, सगळंच महाग. रेशनच्या दुकानात पिशवी घेऊन ताटकळायचं आणि ‘माल संपला’ ऐकून परतायचं. मृणालताई आता आमदार आहेत. पण ऊन डोक्यावर घेऊन त्या बायकांबरोबर महागाईविरोधी मोर्चात रस्त्यावरच चालताहेत, सोबत अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी. पक्ष निराळे, लाटण्यांनी बडवलेल्या थाळ्यांचा आवाज एक. डांबर चपलेला चिकटतंय. शेजारणीच्या बांगड्या तुमच्या कोपराला घासतात, कुणाच्या कडेवरचं पोर रडतंय, घामानं लाटणं हातातून निसटतंय. घट्ट धरा. ज्या बायका स्वयंपाकघराबाहेर कधी बोलल्या नव्हत्या, त्या मंत्र्यांची नावं घेऊन जाब विचारताहेत. माझ्या मते ताईंची खरी कमाई ही. विधानसभेत त्या बोलायला उभ्या राहत तेव्हा या सगळ्या त्यांच्या मागे उभ्या असत.

पुढे आणीबाणी, भूमिगत दिवस, तुरुंग.

आणि १९७७! गोरेगावात पाऊल ठेवायला जागा नाही. कुणीतरी मूठभर गुलाल उधळतो, तो तुमच्या डोळ्यांत, दातांत, सदऱ्याच्या आत. उत्तर मुंबईनं मृणालताईंना लोकसभेत पाठवलंय आणि इंदिरा गांधी स्वतः हरल्यात. गर्दीतून घोषणा उठते: “पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!” मागचे ओरडतात, पुढचे त्याहून जोरात. फटाक्यांच्या धुरानं तुम्हाला ठसका लागतो. शेजारची आजी तुमच्या पाठीवर थाप मारते, “म्हणा की!” आणि तुम्ही बसलेल्या घशानं पुन्हा सुरू करता.