वितळणाऱ्या तारेची कुळकथा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, पाटावर कलश मांडला आहे, वहीवर कुंकू लागायचे आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी घरातले दिवे जावेत, यासारखा रसभंग दुसरा नाही. शेजारच्या खोल्यांतले दिवे लागलेले असले की समजायचे, फ्यूज गेला. १९६४-६५ च्या सुमारास आमच्या गिरगावातल्या चाळीत असा प्रसंग आला, तेव्हा आमचे काका स्टुलावर चढले, चिनी मातीची पकड ओढून काढली आणि जुन्या वायरीतले तांब्याचे चार-पाच पदर पिळून तिच्यात बसवले. दिवे लागले. काकांची वाहवा झाली. त्यानंतर आमच्या घरचा फ्यूज म्हणून कधी गेला नाही, आणि काका ती गोष्ट चारचौघांत अभिमानाने सांगत. त्या अभिमानाचे पुढे काय झाले ते सांगेनच. पण आधी या तारेची कुळकथा सांगू द्या, कारण ती आपल्याला वाटते त्याहून जुनी आणि रंजक आहे.

तिचा जन्म घरात झाला नाही, तारायंत्राच्या कचेरीत झाला. तारांवर वीज कोसळली की यंत्रे जळत. १८४७ मध्ये ब्रेगे या फ्रेंच यंत्रज्ञाने सुचवले, की कचेरीत शिरणाऱ्या तारेचा एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवावा. आघात झालाच तर तो तुकडा जळावा आणि यंत्र वाचावे. सबंध साखळीत एक कडी जाणूनबुजून कच्ची ठेवायची, ही ती कल्पना. गेली पावणेदोनशे वर्षे ती तशीच चालत आली आहे.

मग आले विजेचे दिवे. एडिसनला १८८० मध्ये अशा संरक्षक तारेचे पेटंट मिळाले. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. तार वितळली की धातूचे तापलेले थेंब खाली पडणार; ते गिऱ्हाइकाच्या गालिच्यावर आणि सामानावर पडू नयेत म्हणून त्याने त्या तारेला आवरण घातले. संशोधक झाला तरी त्याला दुकानदारी सुटली नव्हती, हे यावरून दिसते. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याचे वीजकेंद्र सुरू झाले. त्याच साली आपल्या मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले.

परंतु तार बारीक हवी म्हणजे किती बारीक? खरा प्रश्न हाच होता, आणि आरंभी त्याचे उत्तर अंदाजपंचेच होते. इंग्लंडच्या टपालखात्यातले विद्युत्‌तज्ज्ञ विल्यम प्रीस (पुढे मार्कोनीच्या पाठीशी उभे राहिले तेच हे गृहस्थ) यांनी १८८४ ते १८८८ या काळात निरनिराळ्या धातूंच्या तारा वितळवून पाहिल्या आणि एक नियम बसवला. तारेची जाडी दुप्पट केली, तर ती वितळवायला दुप्पट नव्हे, तब्बल २.८ पट प्रवाह लागतो. कथिलाच्या तारेला जेवढा प्रवाह पुरतो, त्याच्या सहापटीहून अधिक तेवढ्याच जाडीच्या तांब्याला लागतो. सुमारे त्याच वेळी, १८८७ मध्ये, कॉकबर्न या अभियंत्याने दाखवले, की नुसत्या तारेकडे पाहून भागत नाही. ती ज्या स्क्रूंत आवळलेली असते ते स्क्रूही तिची उष्णता शोषून घेतात.

घरगुती भाषेत हा हिशेब असा होतो. चिनी मातीच्या पकडीत घालायची पाच अँपियरची कल्हईची तांब्याची तार ०.२ मिलिमीटर जाड असते, आणि पंधरा अँपियरची ०.५ मिलिमीटर. मेणबत्तीच्या उजेडात हा फरक ओळखून दाखवणाऱ्याला मी नमस्कार करीन! आणि पंधरा अँपियरची तार पंधराला वितळते असेही नाही. ती जाते जवळजवळ अठ्ठावीसला. तेव्हा पाचाच्या जागी पंधराची तार घातली, की मागची दिव्याची वायर बिचारी आपल्या ताकदीच्या कितीतरी पट प्रवाह निमूट सोशीत राहते. फ्यूज पंख्याचे किंवा रेडिओचे रक्षण करतो असे पुष्कळांना वाटते. तो खरे तर भिंतीतल्या वायरीचा पहारेकरी आहे.

गेलेल्या फ्यूजच्या जागी माणूस काहीही घालतो, हे जगभरच्या अभियंत्यांच्या लवकरच ध्यानी आले. अमेरिकेत पंधरा, वीस आणि तीस अँपियरचे फ्यूज एकाच आट्यात बसत. पंधराचा वारंवार गेला की लोक तीसचा फिरवून बसवीत. तोही नसला तर मागे तांब्याचे नाणे सरकवीत. अखेर तेथे प्रत्येक आकड्याला निराळा आटा असलेले फ्यूज काढावे लागले. जर्मन मंडळी याबाबतीत आधीच सावध होती. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी फ्यूजच्या बुडाची जाडी आकड्याप्रमाणे बदलती ठेवली आणि खोबणीत तेवढ्याच भोकाचे कडे बसवले. लहान फ्यूज मोठ्या कड्यात जाईल, पण मोठा लहानात मुळीच शिरणार नाही. शिवाय ओळखायला रंग दिले, तेही टपालाच्या तिकिटांचे. दहा फेनिगचे तिकीट तांबडे, म्हणून दहा अँपियर तांबडा. वीसचे निळे, म्हणून वीस अँपियर निळा. निरक्षरालाही चुकता येऊ नये, अशी ही व्यवस्था!

इंग्रजांनी महायुद्धानंतर तिसरीच वाट धरली. तांब्याची टंचाई होती, घरे तर लाखांनी बांधायची होती. युद्ध चालू असतानाच एक वीस जणांची समिती नेमली गेली. तीत कॅरोलिन हॅस्लेट या एकट्याच स्त्री होत्या. तिच्या १९४४ च्या अहवालातून पुढे घरभर फिरणारे एकच वर्तुळ आणि प्रत्येक प्लगाच्या पोटात स्वतंत्र फ्यूज ही पद्धत आली; १९४७ मध्ये तिचे मानक ठरले. टेबलावरच्या दिव्याला तीन अँपियरचा, किटलीला तेराचा. तीनच्या फ्यूजवर सुमारे सातशे वॉटपर्यंतचे उपकरण चालते. लंडनला संसार थाटलेल्या आपल्या मंडळींच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरात हे तांबडे आणि तपकिरी फ्यूज सापडायचेच. मात्र या पद्धतीत एक खोट राहिली. तीनचा आणि तेराचा फ्यूज आकाराने अगदी सारखे. त्यामुळे दिव्याच्या प्लगात तेराचा बेलाशक बसतो. जर्मनांना सुचले ते यांना का सुचू नये, याचे मला राहून राहून नवल वाटते.

आता घरोघरी खटका खाली पडणारे सर्किट ब्रेकर आले आहेत. त्यांचा पूर्वज जर्मनीतल्या मानहाइमचा, ह्यूगो स्टोत्स यांच्या कारखान्यातला, १९२४ सालचा. त्यांना तार लागत नाही. तरी खटका सारखा पडतो म्हणून वायर न बदलता मोठ्या आकड्याचा ब्रेकर बसवून घेणारे यजमान मी पाहिले आहेत. त्यांना पाहिले की मला काका आठवतात.

त्या दिवाळीनंतरच्या पावसाळ्याची गोष्ट. पहाटे कसलासा जळका वास आला म्हणून आई उठली. पाळण्याच्या मागची वायरीची लाकडी पट्टी हातभर काळी पडली होती आणि फटीतून धूर येत होता. वडिलांनी मेन स्विच ओढला, आईने धाकट्याला उचलून गॅलरीत नेले. उजाडल्यावर वायरमन आला. त्याने पट्टी उचकटली. आतल्या वायरीवरचे रबर कोळशासारखे झडले. मग त्याने फ्यूजची पकड काढून काकांपुढे धरली. त्यांची पिळलेली तार जशीच्या तशी होती, तिचा रंगसुद्धा बदलला नव्हता.

काका काही बोलले नाहीत. संध्याकाळी ते लोहार चाळीत गेले आणि पुठ्ठ्यावर गुंडाळलेली पाच अँपियरची तार घेऊन आले. तो पुठ्ठा त्यांनी स्टुलाच्या खालच्या बाजूला दोन चुकांनी ठोकून ठेवला. पुढच्या दिवाळीत फ्यूज दोनदा गेला.