भिंतीवरच्या ओळी: उपासनेतील गीताचे शब्द कानापासून पडद्यापर्यंत कसे आले?

१/ रविवारची उपासना. समोर पडदा, पडद्यावर गीताच्या चार ओळी. मंडळी गातात, ओळी बदलतात. मागे संगणकापाशी बसून त्या बदलणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. त्याचे काम मात्र संगणकाहून सुमारे तीनशे वर्षांनी जुने आहे. आजचा धागा त्या कामाच्या इतिहासाविषयी. 🧵

२/ मूळ प्रश्न साधा आहे. शंभर माणसांनी एकत्र गायचे, तर शंभरांना शब्द ठाऊक हवेत. ते कोणी आणि कसे पुरवायचे? प्रत्येक काळाने याचे वेगळे उत्तर दिले आणि प्रत्येक उत्तराने गाण्याचे रूप पालटले.

३/ इंग्लंडमध्ये १६४४-४५ साली वेस्टमिन्स्टर सभेने सार्वजनिक उपासनेची नियमावली सिद्ध केली. तीत म्हटले होते की ज्याला वाचता येते त्याच्यापाशी स्तोत्रांचे पुस्तक असावे. पण पुष्कळांना वाचता येत नाही, तोवर पाळकाने किंवा अन्य योग्य व्यक्तीने एकेक ओळ आधी वाचून दाखवावी आणि मग सर्वांनी ती गावी.

४/ ही सोय तात्पुरती म्हणून आली आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली. स्कॉटलंडमध्ये व्यासपीठाखाली बसणारा अग्रगायक ओळ सांगे. अमेरिकेतील न्यू इंग्लंडमध्ये बहुधा डीकन सांगे. निरक्षर शेतकरी आणि सुशिक्षित व्यापारी एकाच गीतात सामील होत. पण एक ओळ ऐका, थांबा, गा, पुन्हा थांबा, या रीतीने गाण्याची गती मंदावली आणि अर्थाचे तुकडे पडले.

५/ हे तुकडे किती घातक ठरू शकतात, ते मराठीत चटकन कळते. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागे. समजा, ओळी अशा आहेत:

अंधार आम्हांस गिळणार
नाही, तू सोबत असता

पहिली ओळ सांगून सांगणारा थांबला, तर साऱ्या मंडळींनी नेमके उलटे गायले! इंग्रजी स्तोत्रांतही असे प्रसंग येत.

६/ आयझॅक वॉट्स या कवीने यावर उपाय शोधला. १७०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने सांगून टाकले की ओळीच्या मध्ये विराम क्वचितच येईल आणि ओळीच्या शेवटी तो बहुधा असेलच, अशी रचना आपण केली आहे. कारण काय? वाचन आणि गायन यांची ती सरमिसळ त्याला मुळीच रुचत नव्हती. पण ती लगेच सुधारणार नाही, हेही तो जाणून होता. शब्द पोहोचवण्याच्या साधनाने काव्याची ओळच घडवली, ती अशी.

७/ आपल्याकडचे एक उदाहरण याआधीचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ चर्चमध्ये मोठ्याने म्हटला जाई. बहुतेकांसाठी तो वाचण्याचा नव्हे, ऐकण्याचा ग्रंथ होता. आणि ओवी हा छंद तर कानासाठीच घडलेला.

८/ पुढे छपाई स्वस्त झाली, साक्षरता वाढली आणि गीताचे पुस्तक गाणाऱ्याच्या हाती आले. १८६१ च्या ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ या प्रसिद्ध इंग्रजी संग्रहात शब्दांसोबत स्वरलिपीही छापलेली होती. भिंतीवरच्या फळीवर गीत क्रमांक लागे आणि प्रत्येक जण आपले पान उघडे. ओळ सांगणारा आता अनावश्यक ठरला. अॅपलेशियन डोंगरांतील काही बाप्टिस्ट मंडळ्या, आफ्रिकी-अमेरिकी चर्च आणि स्कॉटलंडच्या लुईस बेटावरील गेलिक भाषक यांनी मात्र ती रीत आजही जपली आहे.

९/ मराठी ख्रिस्ती समाजात पुस्तकाचे हे स्थान ‘उपासना संगीत’ या संग्रहाला मिळाले. त्यात नारायण वामन टिळकांच्या पुष्कळ रचना आहेत. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, निधन १९१९ चे. अभंग, भजन, कीर्तन ही घरचीच रूपे त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. या रूपांना स्वतःची स्मरणयुक्ती असते: पुढे म्हणणारा कडवे म्हणतो, बाकीच्यांना ध्रुपद पाठ असले की पुरे.

१०/ शब्द भिंतीवर प्रथम उमटले ते करमणुकीच्या जगात. १८९० च्या दशकात अमेरिकी नाट्यगृहांत गायक गात असताना हाताने रंगवलेल्या काचपट्ट्या ‘मॅजिक लँटर्न’ने पडद्यावर दाखवत. शेवटच्या पट्टीवर ध्रुपदाचे शब्द असत आणि सारे प्रेक्षक ते गात. याच दशकात, १८९२ साली, कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी याच तंत्रावर ‘शांबरिक खरोलिका’ उभी केली, हे अनेकांना ठाऊक असेल.

११/ चर्चमध्ये मोठा बदल झाला तो ओव्हरहेड प्रोजेक्टरमुळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणात वापरले गेलेले हे यंत्र पुढे शाळांत गेले. त्याच सुमारास, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, कॅलिफोर्नियात तरुणांची एक धार्मिक चळवळ उसळली. गिटारवर गायची छोटी, नवी गीते दर आठवड्याला जन्मू लागली. ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. पारदर्शक कागदावर पेनाने लिहा, यंत्रावर ठेवा, गा! पुस्तक छापून होईपर्यंत थांबण्याची गरजच उरली नाही.

१२/ पण गीत कोणाच्या तरी मालकीचे असते. आपली गीते परवानगीविना छापून वापरल्याबद्दल एफ.ई.एल. या प्रकाशनसंस्थेने १९७६ मध्ये शिकागोच्या कॅथलिक बिशपांविरुद्ध दावा लावला. १९८४ मध्ये ज्यूरीने तीस लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. अपिलात तिचा मोठा भाग रद्द झाला, पण चर्चवर्तुळांना धडकी भरली होती. १९८८ मध्ये ओरेगनमधील पोर्टलंड येथे हॉवर्ड रचिन्स्की यांनी ‘सीसीएलआय’ ही परवानासंस्था सुरू केली. वार्षिक शुल्क भरा आणि हजारो गीतांचे शब्द कायदेशीरपणे दाखवा. स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरांत कवीचे नाव, हक्कधारक आणि परवाना क्रमांक दिसतो, त्याचे मूळ इथे आहे.

१३/ १९८७ मध्ये पॉवरपॉइंट आले. त्याची पहिली आवृत्ती पडद्यासाठी नव्हतीच. ओव्हरहेड प्रोजेक्टरचे काळे-पांढरे कागद तयार करण्यासाठी ती होती. थेट पडद्यावर स्लाइड दाखवणे पुढे आले आणि त्यानंतर खास उपासनेसाठीची सॉफ्टवेअरे. त्यांत कडवे आणि ध्रुपद वेगवेगळे साठवता येतात, म्हणजे गायकांनी ऐनवेळी ध्रुपद पुन्हा घेतले तरी एका कळीवर तिथे जाता येते.

१४/ मराठी चर्चची अडचण आणखी वेगळी होती. जुन्या फाँटमध्ये टंकलेली गीते तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसत. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, पण ती रोजच्या वापरात रुळायला पुष्कळ वर्षे गेली. शिवाय आपल्या अक्षरांना वर वेलांटी आणि खाली उकार. दोन ओळींतले अंतर इंग्रजीइतकेच ठेवले, तर मात्रा एकमेकींत अडकतात आणि मागच्या बाकावरच्या आजींना ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच दिसतात.

१५/ आता तिसऱ्या पोस्टमधला तो ओळ सांगणारा आठवा. तो गाण्याच्या आधी ओळ पुरवत असे. स्लाइड बदलणाराही शेवटचा शब्द गायला जाण्यापूर्वीच पुढची स्लाइड आणतो. उशीर झाला तर सारी मंडळी अडखळतात. ओळ कुठे तोडायची, हे तोही ठरवतो. ‘गिळणार’ एका स्लाइडवर आणि ‘नाही’ पुढच्या स्लाइडवर गेले, तर वॉट्सची डोकेदुखी पुन्हा समोर उभी! पुस्तकाने ज्याला निरोप दिला होता, तो अग्रगायक पडद्याने परत आणला आहे.

१६/ या बदलात लाभ मोठा आहे. पुस्तक विकत घ्यावे लागत नाही, मान वर राहते, टाळ्यांसाठी हात मोकळे असतात, अंधूक दिसणाऱ्यालाही मोठे अक्षर मिळते. हानीही आहे. स्वरलिपी गेली. सहा कडव्यांतली कोणती तीन गायची, ते एकटा माणूस ठरवतो. उरलेली तीन कोणाच्या नजरेसही पडत नाहीत. पुस्तक घरी नेता येई, आजारपणात उशाशी ठेवता येई. पडदा उपासनेनंतर कोरा होतो.

१७/ इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एक चिंता वाटावी. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४० साली ‘बे साम बुक’ हे स्तोत्रांचे पुस्तक छापले गेले. सुमारे १,७०० प्रतींपैकी आज ११ प्रती ज्ञात आहेत, आणि त्यावरून त्या लोकांनी कोणते शब्द गायले ते आपण सांगू शकतो. स्लाइडची फाइल मात्र दर आठवड्याला जुन्या फाइलवरच जतन होते. २०१० साली तुमच्या गावच्या चर्चमध्ये काय गायले जात होते, याचा पुरावा कुठे आहे?

१८/ म्हणून एक विनंती. अशा जुन्या पारदर्शिका, हस्तलिखित गीतवह्या किंवा पहिल्या स्लाइड कपाटात पडून असतील, तर टाकू नका. त्यावर वर्ष आणि ठिकाण लिहा, छायाचित्र काढून ठेवा. मागे बसून ओळी बदलणाऱ्याचे नावही टिपून ठेवा. वेस्टमिन्स्टरच्या काळातील बहुतेक ओळ सांगणाऱ्यांची नावे आज कोणालाच ठाऊक नाहीत.

धागा समाप्त. 🙏