सायकल कुणाच्या नावावर?



इतिहास म्हटला की आपल्या पालीकरांना सरसगड आठवतो, सुधागड आठवतो, बल्लाळेश्वराच्या देवळातली चिमाजीअप्पांची घंटा आठवते. आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे ती मात्र पडवीत भिंतीला टेकून उभी असते. चेन गंजलेली, मागच्या चाकात हवा नाही, कॅरिअरवर कांद्याची गोणी ठेवलेली. सायकल. त्यातही बाईची सायकल. ती आपल्या किती घरांत आहे ते आधी मनातल्या मनात मोजा आणि मग ऐका.

आज आपण पाहतो तशी, दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन असलेली सायकल १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन स्टार्ली नावाच्या माणसाने बाजारात आणली. त्याआधीच्या सायकलीचं पुढचं चाक एवढं उंच असायचं की त्यावर चढणं म्हणजे माडावर चढण्यासारखंच. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरायचा टायर केला आणि सायकल माणसाच्या अंगाला सोसायला लागली.

त्याच १८८८ साली आपल्या बेळगावात सायकलीचं दुकान निघालं. दुकान किर्लोस्कर बंधूंचं. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा मुंबईत शिक्षक होते. ते मुंबईहून सायकल पाठवायचे आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा ती बेळगावात विकायचे. नुसती विकून भागत नव्हतं, कारण घेणाऱ्याला ती चालवता कुठे येत होती? म्हणून रामूअण्णा चालवायलाही शिकवायचे. शिकवणीचे १५ रुपये. आजचे नव्हेत, तेव्हाचे १५ रुपये! म्हणजे सायकल ही श्रीमंताची आणि साहेबाची चैन होती. ते दुकान ज्या रस्त्यावर होतं त्याला बेळगावात आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

पुढे याच घराण्याने कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. आणि १९३० साली त्यांनी ‘स्त्री’ नावाचं बायकांचं मासिक काढलं. सायकलीच्या दुकानापासून बायकांच्या मासिकापर्यंत यायला ४२ वर्षं गेली. मला ही गोष्ट फार विचार करण्यासारखी वाटते. सायकल महाराष्ट्रात इतक्या लवकर आली, पण आपल्या गावातल्या बाईच्या हातात मासिक आधी पडलं, सायकलचं हॅन्डल फार नंतर.

आता कुणी म्हणेल, ते दिवसच तसे होते. तर तिकडे साहेबाच्या देशातही फार वेगळं नव्हतं. १८९० नंतर तिथल्या बायका सायकलवर बसू लागल्या तेव्हा काही डॉक्टरांनी सांगितलं की सायकल चालवून बाईचा चेहरा कायमचा ताणलेला आणि वाकडा होतो. वर्तमानपत्रांनी ते छापलंही. खरी अडचण होती कपड्यांची. पायघोळ झगा चेनमध्ये अडकायचा. काही जणींनी झग्याऐवजी सैल विजार घालायला सुरुवात केली. लेडी हार्बर्टन नावाच्या बाई १८९८ मध्ये अशी विजार घालून सायकलवरून एका हॉटेलात गेल्या, तर मालकिणीने त्यांना चांगल्या खोलीत बसवून जेवण द्यायला नकार दिला. प्रकरण कोर्टात गेलं आणि बाई हरल्या. अमेरिकेत मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या सुझन अँथनी यांनी मात्र १८९६ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की बाईला मोकळं करायला सायकलीने जेवढं केलं तेवढं दुसऱ्या कशानेच केलं नाही. त्याच्या आधी, १८९४ मध्ये, अ‍ॅनी कॉपचॉव्हस्की ही तीन मुलांची आई अमेरिकेतल्या बोस्टन शहरातून जगाच्या फेरीवर निघाली होती. निघाली तेव्हा अंगात लांब झगा होता. पुढे तिने तो सोडला आणि पुरुषांची सायकल घेतली, कारण ती हलकी होती.

इथे मला आपल्या आज्यांचं नऊवारी आठवतं. त्या बायकांनी विजारीसाठी कोर्टापर्यंत भांडण नेलं. आपल्याकडे आगरी, कोळी, कातकरी, ठाकूर, कुणबी बाईचा कासोटा पिढ्यान् पिढ्या होताच. दोन्ही पाय मोकळे, लुगडं गुडघ्यापर्यंत. त्याच कासोट्यावर ती चिखलात लावणी करते, डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरते, मासळीची पाटी घेऊन बाजार गाठते. सायकलीला याहून सोयीचं नेसणं कुठलं? म्हणजे आपल्याकडे अडचण कपड्याची नव्हतीच. ताकदीची तर मुळीच नव्हती. सायकलच नव्हती, आणि घरात आली तरी ती तिची नव्हती.

घरात आली ती कमावत्या पुरुषाची म्हणून आली. पोस्टमनची, दूधवाल्याची, पाववाल्याची, कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याची. शहरात तिला दर वर्षी बिल्ला घ्यावा लागायचा, रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचा. पण या सगळ्यात बाईची जागा एकच, मागचं कॅरिअर. दवाखान्यात जायचं असो की माहेरी, ती मागे दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसणार. मुलगे मात्र नळीखालून पाय घालून लंगडी पायडल मारत शिकून जायचे. पडले, ढोपरं फुटली, कुणी काही बोललं नाही. मुलगी पडली तर आधी ‘कुणी बघितलं?’ हा प्रश्न. पुण्यासारख्या शहरात मात्र कॉलेजच्या मुलींनी सायकलींनी रस्ते भरून टाकले होते. तिथे कॉलेज लांब होतं, सायकल परवडत होती, आणि मुख्य म्हणजे एकटी नसून दहा-वीस जणी होत्या.

ही ‘दहा-वीस जणी’ची गोष्ट नीट समजून घ्यायची तर तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात जावं लागेल. जिल्हा गरीब, शेती पावसावरची, बऱ्याच बायका दगडाच्या खाणीत कामाला. १९९१ मध्ये तिथे साक्षरतेची मोहीम सुरू झाली. नाव होतं अरिवोळी, म्हणजे ज्ञानाचा उजेड. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. त्यांनी पाहिलं की शिकवायला जाणाऱ्या कार्यकर्त्या एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचतच नाहीत. मग अक्षरांबरोबर सायकल शिकवणं हा मोहिमेचाच भाग झाला. कार्यकर्त्यांना सायकलीसाठी बँकेची कर्जं मिळवून दिली. संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी मैदानावर बायका जमायच्या आणि एकीने दुसरीला शिकवायचं. सायकलीवर एक गाणंही रचलं गेलं. १९९२ च्या महिला दिनाला दीड हजाराहून जास्त बायका हॅन्डलला झेंडे लावून, घंट्या वाजवत पुदुकोट्टई शहरातून गेल्या. लोक बघत राहिले.

पत्रकार पी. साईनाथ तिथे जाऊन आले आणि त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं. त्यांच्या लिहिण्याप्रमाणे एक लाखावर बायका सायकल शिकल्या. दहा वर्षांच्या आतल्या मुली सोडल्या तर जिल्ह्याच्या ग्रामीण भागातली दर चार बायकांमागे एक! मला त्यातला एक बारकावा फार आवडतो. बाजारातल्या लेडीज सायकली संपल्या. मग बायकांनी पुरुषांच्या घेतल्या, आणि काही जणींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या नळीवर मूल बसवता येतं. कॅरिअरवर पाण्याच्या कळशा, पुढे मूल. टोमणे बसले, घाणेरडं बोलणारेही भेटले. पण एकटीला बोलणं सोपं असतं. पन्नास जणी रोज त्याच रस्त्याने जायला लागल्या की बोलणारा किती दिवस बोलणार?

फायदा हातात येणारा होता. माल विकणारी बाई पूर्वी बसची वाट बघत एका गावात अडकायची, ती आता दिवसात तीन-चार गावं करू लागली. बसची वेळ गाठायला घाई नको, आणि ‘मला सोडायला येता का?’ म्हणून नवऱ्याची, भावाची मनधरणी नको.

पुढे २००६ मध्ये बिहार सरकारने नववीतल्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये द्यायला सुरुवात केली. अभ्यासकांनी मोजलं तेव्हा नववी-दहावीला जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. चांगलं आहे. पण शाळा सुटली की त्या सायकलीचं काय होतं? मी घरोघरी पाहते, ती भावाकडे जाते. मुलगी सासरी जाते तेव्हा भांडी जातात, कपाट जातं, सायकल जात नाही.

आता आपल्याकडे या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पण आपल्या वाडीत एसटी येते किती वेळा? बाकीचा वेळ मिनीडोर भरण्याची वाट बघण्यात जातो. पाच किलोमीटर पायी जायला तास-सव्वा तास लागतो, सायकलीने सावकाश गेलं तरी अर्धा तास. उन्हेरं तर पालीपासून तीनेक किलोमीटर. हा वाचलेला वेळ गटाच्या बैठकीला उशीर न होण्याचा आहे, बँकेत रांग लागायच्या आत पोचण्याचा आहे.

सगळीकडे सायकल चालेल असं मी म्हणत नाही. डोंगरावरच्या वाड्यांना ती उपयोगाची नाही. पावसात अंबेचं पाणी पुलावर आलं की कुणीच जाऊ नये. वाकण-खोपोली रस्त्यावर अवजड गाड्या धावतात, तिथे नवशिक्या बाईने जाऊच नये. आतले गावरस्ते मात्र आपले आहेत.

‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?’ असंही विचारतात. लावणीचं काम कष्टाचं, पण ते वाकून, कंबर आणि गुडघे मोडून केलेलं. सायकलीवर शरीराचा भार सीटवर येतो, गुडघ्यावर कमी. दम वाढतो, साखर आटोक्यात राहायला मदत होते. आठवड्याला दीडशे मिनिटं अशी हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज वीस-पंचवीस मिनिटं म्हणजे बाजारात जाऊन येणंच झालं. ज्यांना बीपी, शुगर, जुनं गुडघ्याचं दुखणं आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि स्कूटीचं म्हणाल तर तिला लायसन लागतं, पेट्रोल लागतं, आणि दोन्हीसाठी पुन्हा कुणापुढे तरी हात पसरावा लागतो.

आपल्या गटाच्या कर्ज रजिस्टरात कर्जाचं कारण लिहायचा रकाना असतो. शेळी, शिलाई मशीन, घरदुरुस्ती, मुलाची फी, नवऱ्याच्या रिक्षाचा हप्ता, हे सगळं मी स्वतः लिहिलं आहे. ‘सायकल, स्वतःसाठी’ असं अजून एकदाही लिहिलेलं नाही. जुनी सायकल दुरुस्त करून घेतली तर कर्जही छोटंच लागेल, आणि एका सायकलीवर तीन-चार जणी शिकू शकतात.

शिकताना दोघी-तिघी मिळून शाळेच्या मैदानावर जा, शाळा सुटल्यावर. सीट इतकी खाली घ्या की बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील. सायकलवाल्याकडून पायडल काढून घ्या आणि पहिले दोन-चार दिवस नुसते पायांनी ढकलत तोल सांभाळायला शिका. मग पायडल लावा. कुणी मागून धरलं तर कॅरिअर धरावं, हॅन्डल नाही. साडी नेसत असाल तर पदर खोचा, आणि चेनला कव्हर, मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या.